आवारातील कामासाठी जुना लोडर ट्रॅक्टर : खरेदी, वापर आणि कर्ज

भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी २४ एप्रिल रोजी फरिदाबाद येथे आयशर कंपनीने देशात जुळणी केलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला. एकीकडे पोलाद आणि दुसरीकडे नांगरट. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध येईल असे त्या वेळी कोणास वाटले नसावे. आज मात्र भिलाईच्या नंदिनी रोडवरील लाइट इंडस्ट्रियल एरियात किंवा हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत फेरफटका मारला, तर शेतातून निवृत्त झालेला एखादा छोटा ट्रॅक्टर पुढे लोखंडी बकेट लावून लोहकीस, राख किंवा भंगार उचलताना दिसणे ही नवलाची गोष्ट नाही.

भिलाईत, दुर्गमध्ये आणि राजनांदगावात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. त्यामुळे नोकरी, व्यापार आणि सोयरिकीचे धागे आजही नागपूर-भंडारा-गोंदियाशी जुळलेले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचे लहानमोठे कारखाने, राइस मिल, कोळशाचे डेपो किंवा बांधकाम साहित्याची आवारे आहेत. ‘एखादा जुना ट्रॅक्टर घेऊन त्याला लोडर बसवावा काय, आणि बँक त्यास कर्ज देईल काय?’ हा प्रश्न अशा ग्राहकांकडून शाखेत वरचेवर विचारला जातो. प्रश्न साधा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात यंत्रशास्त्र, कायदा आणि हिशेब या तिन्हींचा भाग आहे, आणि तिन्हींपैकी एक जरी दुर्लक्षिला गेला तरी नुकसान ठरलेले असते. ते नुकसान प्रसंगी केवळ पैशांचे राहत नाही.

ट्रॅक्टरच्या पुढे हायड्रॉलिक भुजा बसवून माल उचलण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये चांगलीच रुजली. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या कारखान्याने १९५३ मध्ये ट्रॅक्टरवर आधारित बॅकहो लोडर आणला; ‘जेसीबी’ ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरे होत. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील केलर बंधूंनी १९५७ मध्ये टर्की पक्ष्यांच्या खुराड्याची सफाई करण्यासाठी जागच्या जागी वळणारा छोटा लोडर तयार केला. भारतात १९७९ मध्ये एस्कॉर्ट्‌स आणि जेसीबी यांच्या भागीदारीत बल्लभगड येथे उत्पादन सुरू झाले आणि पुढे ‘जेसीबी’ हे यंत्राचे सामान्यनामच होऊन बसले. लहान आवाराला मात्र एवढ्या मोठ्या यंत्राची गरज क्वचितच असते. ते दोन शेडमधल्या बोळात वळत नाही, आणि वळले तर शेडचा एखादा खांब वाकवून जाते.

कोणता ट्रॅक्टर?

जुन्या छोट्या ट्रॅक्टरांत पंचवीस अश्वशक्तीच्या आसपासचे जे मॉडेल आजही चालू स्थितीत मिळतात, त्यांत आयशरचा एकच सिलिंडर असलेला २४१, झेटरच्या तंत्रज्ञानावर पिंजोर येथे १९७१ पासून बनू लागलेला एचएमटी २५११ आणि पंजाब ट्रॅक्टर्सचा १९७४ चा स्वराज ७२४ ही नावे प्रमुख आहेत. स्वराजचा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत तयार झाला होता, ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवण्यासारखी आहे. नाशिकला किर्लोस्करांनीही १९७४ मध्ये जर्मन डॉइट्झ कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढला होता. आता तो बाजारात नाही आणि हौसेखेरीज कोणी त्याच्या मागे लागू नये. त्याहून लहान, म्हणजे पंधरा-अठरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांत व्हीएसटीचा मित्सुबिशी शक्ती आणि स्वराज ७१७ हे आढळतात. अरुंद जागेत ते उत्तम वळतात, पण लोडरचा भार पेलण्यास त्यांचा पुढील आस नाजूक ठरतो.

मॉडेल निवडताना ‘कंपनी आज कोठे आहे?’ हा प्रश्न आधी विचारावा. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये टॅफेकडे गेला आणि पंजाब ट्रॅक्टर्सचा ताबा २००७ मध्ये महिंद्रकडे आला. त्यामुळे या दोन्ही नावांचे ट्रॅक्टर आजही बनतात आणि जुन्यांचे पुष्कळसे भाग मिळतात. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय मात्र केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. त्याचे सुटे भाग पंजाबातील बाजारात मिळत असले, तरी एका सीलसाठी आठवडाभर यंत्र उभे राहण्याची तयारी ठेवावी लागते. ज्या आवारात रोजचा माल रोज हलला पाहिजे, तेथे हा आठवडा ट्रॅक्टरच्या स्वस्ताईचा सारा फायदा खाऊन टाकतो.

पाहणीस जाताना यंत्र थंड असताना सुरू करून दाखविण्याचा आग्रह धरावा. ग्राहक येण्यापूर्वीच इंजीन तापवून ठेवणारा विक्रेता काही तरी झाकीत असतो. निळसर धूर तेल जळत असल्याचे सांगतो, आणि ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी उतरले आहे असे समजावे. मागील लिफ्टवर वजन टांगून ते वर उचलावे, इंजीन बंद करावे आणि दहा मिनिटे थांबून पाहावे. वजन भराभर खाली आले तर सील किंवा व्हॉल्व्ह झिजले आहेत. नांगरटीच्या ट्रॅक्टरात मागील बाजू थकते, तर लोडर लावून वापरलेल्या ट्रॅक्टरात पुढची बाजू थकते, हा मुख्य फरक आहे. म्हणून पुढील आसाची मधली पिन, किंगपिनचे बुश आणि चाकांची बेअरिंग जॅकवर उचलून हलवून पाहावीत. आधीच लोडर लावलेला ट्रॅक्टर असेल, तर इंजीन आणि गिअरबॉक्स यांमधील बिडाच्या कवचावर, म्हणजे क्लच हाउसिंगवर, तडे किंवा वेल्डिंगच्या खुणा आहेत काय हे बॅटरीच्या उजेडात तपासावे. तेथे तडा आढळल्यास सौदा किती स्वस्त आहे याची चौकशीही करू नये.

यासंबंधी एका गोष्टीत भिलाईचे भाग्य मोठे आहे. पोलादाच्या या गावात उत्तम वेल्डर आणि फॅब्रिकेटर गल्लोगल्ली आहेत, आणि लोडरची भुजा, चौकट, बकेट ही कामे स्थानिक कारागीर समाधानकारक करतात. परंतु चौकट ट्रॅक्टरच्या बिडाच्या अंगावर वेल्ड करणे हा अक्षम्य दोष होय. ती स्वतंत्र असावी, बोल्टने जोडलेली असावी आणि तिच्या पट्ट्या मागील आसापर्यंत नेलेल्या असाव्यात, म्हणजे धक्का बिडावर न येता चौकटीवर येतो.

तराजूचा नियम

लोडर ट्रॅक्टरचे बहुतेक अपघात एका साध्या नियमाच्या अज्ञानातून होतात, आणि तो नियम किराणा दुकानातील तराजूचाच आहे. एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टरचे वजन १,००० किलो असून त्यापैकी ४०० किलो पुढील चाकांवर आणि ६०० किलो मागील चाकांवर आहे, दोन्ही आसांमधील अंतर १.७ मीटर आहे असे समजा. लोडरच्या चौकटीचे स्वतःचे वजन तूर्त बाजूस ठेवू. बकेटमध्ये ३०० किलो माल असून तो पुढील आसाच्या १.२ मीटर पुढे आहे. तर मागील चाकांवरील भार ३०० गुणिले १.२ भागिले १.७, म्हणजे सुमारे २१२ किलोंनी कमी होतो आणि पुढील आसावर ३०० नव्हे, तर ५१२ किलो जादा येतात. पुढील आस आता ४०० च्या जागी ९१२ किलो पेलत असतो, आणि मागील चाकांवर उरतात केवळ ३८८ किलो. ब्रेक मुख्यतः मागील चाकांनाच असतात! उतारावर, ओल्या फरशीवर किंवा सांडलेल्या तेलावर ब्रेक दाबला, तर मागील चाके घसरतात ती याच कारणाने.

यावर उपाय म्हणून मागील टायरमध्ये पाणी भरण्याची पद्धत शेतकऱ्यांना ठाऊक असते. तिने मागील चाकांची पकड वाढते हे खरे. परंतु हे वजन नेमके आसावरच येत असल्याने पुढील आसाचा भार त्यामुळे एक किलोनेही घटत नाही. पुढचा आस हलका करावयाचा असेल तर वजन मागील आसाच्याही मागे टांगले पाहिजे. वरील उदाहरणात मागील आसापासून ०.८ मीटर मागे, लिफ्टच्या तीन दांड्यांवर, २०० किलोंची काँक्रीटची पेटी टांगली, तर मागील चाकांवर सुमारे २९४ किलो वाढतात आणि पुढील आसावरचे ९४ किलो उतरतात. शंभर-दोनशे रुपयांच्या सिमेंटने आणि थोड्या खडीने किंगपिनचे आयुष्य वाढते, आणि कदाचित चालकाचेही.

ही पेटी पुढे-मागे कलंडणे रोखते, आडवे कलंडणे नव्हे. बकेट जितकी वर, तितका गुरुत्वमध्य वर. आणि वळणावर किंवा एक चाक खड्ड्यात गेल्यावर ट्रॅक्टर बाजूला उलटतो. जुन्या ट्रॅक्टरांना चालकाच्या रक्षणासाठी मजबूत चौकट आणि पट्टा सहसा नसतो. म्हणून भरलेली बकेट गुडघ्याच्या उंचीवर ठेवूनच चालवावी, ती वर न्यावी ती ट्रॉलीच्या अगदी जवळ जाऊन. बकेटमध्ये माणूस उभा करून शेडचे दिवे बदलण्याचा प्रकार भिलाईतच काय, सर्वत्र पाहावयास मिळतो. बकेटला धरून ठेवणारा होसपाइप फुटला तर ती क्षणात खाली येते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. काम संपताच बकेट जमिनीला टेकवून ठेवावी. होसपाइपची गळती हाताने चाचपू नये. बारीक छिद्रातून दाबाने येणारे तेल कातडीत शिरते आणि अशी जखम वरून क्षुल्लक दिसली तरी शल्यक्रियेची वेळ आणते. गळती शोधावयाची ती पुठ्ठ्याचा तुकडा धरून.

वेगाविषयीही अपेक्षा माफक असाव्यात. पन्नास मिलिमीटर व्यासाचे आणि पाचशे मिलिमीटर धाव असलेले दोन सिलिंडर भरण्यास सुमारे दोन लिटर तेल लागते. मिनिटाला सोळा लिटर तेल देणारा पंप असेल, तर बकेट वर जाण्यास सात-साडेसात सेकंद लागणार. घाई असलेला चालक मग इंजीन रेटतो आणि क्लच अर्धवट दाबून पुढे-मागे करतो. आवारातील कामात दर मिनिटाला दिशा बदलावी लागते, नांगरटीत ती शेताच्या टोकाला एकदाच बदलते. जुन्या ट्रॅक्टरची क्लचप्लेट येथे लवकर संपते ती त्यामुळे. तिचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात आधीच धरावा.

मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची शेतीयंत्रे तपासणारी संस्था आहे. तेथील चाचणी अहवालात त्या त्या मॉडेलचे वजन, आसांवरील वाटणी, लिफ्टची क्षमता आणि इंधनाचा खप नोंदलेला असतो. ‘पाचशे किलो सहज उचलतो’ या विक्रेत्याच्या ग्वाहीपेक्षा असा अहवाल मिळाल्यास तोच प्रमाण मानावा.

कागद आणि कर्ज

यंत्र पसंत पडले तरी सौद्याचा निम्मा भाग शिल्लकच असतो. जुना ट्रॅक्टर बहुधा कोणत्या तरी बँकेच्या कर्जावर घेतलेला असतो. नोंदणी पुस्तकात त्या बँकेचे नाव असेल, तर मूळ मालकाने कर्ज फेडल्याचा दाखला आणि बोजा कमी करण्याचा ३५ क्रमांकाचा नमुना हाती आल्याखेरीज इसारापलीकडे एक रुपयाही देऊ नये. तोंडी भरवशावर घेतलेला ट्रॅक्टर सहा महिन्यांनी मूळ बँकेचे वसुली अधिकारी ओढून नेतात आणि खरेदीदाराच्या हाती चौकट, बकेट आणि पश्चात्ताप उरतो. ‘वाहन’ या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून बोजा, विमा आणि नोंदणीची मुदत घरबसल्या पाहता येते. चॅसी क्रमांक मात्र ट्रॅक्टरवर जाऊन स्वतः वाचावा, आणि त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावा.

गोंदिया किंवा भंडारा येथून, म्हणजे एमएच ३५ किंवा ३६ पाटीचा ट्रॅक्टर भिलाईत आणावयाचा असेल, तर तेथील परिवहन कार्यालयाचा २८ क्रमांकाच्या नमुन्यातील ना-हरकत दाखला लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खरेदीदाराने तीस दिवसांच्या आत हस्तांतरणाची सूचना द्यावयाची असते, आणि वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथे नवी नोंदणी, म्हणजे दुर्गची सीजी ०७ मालिका, घ्यावी लागते. नोंदणीची मूळ मुदत पंधरा वर्षांची असते. त्यानंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. सत्तरच्या दशकातील ट्रॅक्टरांपैकी कित्येकांची ही वाढ कधीच झालेली नसते, आणि मालकालाही त्याची जाणीव नसते.

त्याहून नाजूक बाब उपयोगाची. शेतीचा म्हणून नोंदलेला, त्यापोटी करात सवलत घेतलेला ट्रॅक्टर भंगाराच्या आवारात व्यावसायिक कामाला लावणे आणि त्यास लोडर बसविणे, हे दोन्ही बदल परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला कळविले पाहिजेत. नोंदणीतील तपशिलांशी विसंगत असा बदल परवानगीविना करण्यास कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई केली आहे. अपघात घडल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. चालकाच्या परवान्याबाबत मात्र दिलासा आहे : ७,५०० किलोपर्यंत रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टर कायद्याच्या व्याख्येनुसार हलके मोटार वाहन आहे, आणि या मर्यादेतील वाहतूक वाहनांसाठीही हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. परवानाच नसलेला मुकादमाचा भाचा मात्र कोणत्याही निकालात बसत नाही.

कर्जाचा प्रकार यावरूनच ठरतो. आवारात चालणाऱ्या लोडरसाठी शेतीकर्ज मागणे म्हणजे कर्जाच्या उद्देशाची दिशाभूल होय. लेखापरीक्षणात ती उघडी पडते आणि खाते परत मागितले जाऊ शकते. उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला यंत्रसामग्रीसाठी मुदत कर्ज हाच सरळ मार्ग आहे. लहान रकमेसाठी ८ एप्रिल २०१५ पासून सुरू असलेली मुद्रा योजना आहे : पाच लाखांपर्यंत ‘किशोर’, दहा लाखांपर्यंत ‘तरुण’. जुन्या यंत्रासाठी बँक मान्यताप्राप्त मूल्यांकनकर्त्याकडून किंमत आणि उर्वरित आयुष्य यांचा दाखला मागते, आणि परतफेडीची मुदत त्या आयुष्याच्या आतच बसवते. ग्राहकाला ही अडवणूक वाटते. पण यंत्र भंगारात गेल्यावरही हप्ता चालू राहणे कोणाच्याच हिताचे नाही.

आता हिशेब. आकडे केवळ उदाहरणादाखल घेऊ. ट्रॅक्टर १,८०,००० रुपये, लोडर १,४०,००० आणि दुरुस्ती ६०,००० असे एकूण ३,८०,०००. त्यापैकी पंचाहत्तर टक्के, म्हणजे २,८५,००० रुपये कर्ज ११ टक्के व्याजाने ३६ महिन्यांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ९,३३० रुपये येतो. रोज दीड तास, महिन्याचे २५ दिवस काम धरले तर ३७.५ तास होतात. ताशी तीन लिटर डिझेल आणि लिटरला ९५ रुपये या दराने १०,६८८ रुपये, चालकाच्या पगाराचा निम्मा भाग ७,५०० आणि देखभालीचे ५,००० मिळवून एकूण खर्च सुमारे ३२,५०० होतो. भाड्याचा मोठा लोडर ताशी १,२०० रुपयांनी आणि किमान दोन तासांच्या बोलीवर येत असेल, तर दिवसाआड बोलावल्यास तेरा फेऱ्यांचे ३१,२०० होतात आणि रोज बोलावल्यास ६०,०००. म्हणजे काम दिवसाआड पुढे ढकलता येत असेल तर स्वतःचा ट्रॅक्टर घेण्यात तूर्त काही लाभ नाही. रोज थोडे थोडे, वेळी-अवेळी काम निघत असेल तर भरपूर आहे.

येथे एक फसगत टाळावी. मोठ्या लोडरचे चाळीस तासांचे ढिगारे उपसण्याचे काम छोट्या ट्रॅक्टरच्याही चाळीस तासांत होईल असे धरून अनेक प्रकल्प अहवाल तयार केले जातात. बकेट तिसऱ्या-चौथ्या हिश्शाची असल्याने तास तिप्पट लागतात. १२० तासांचे डिझेलच ३४,२०० रुपये होते, आणि पूर्ण वेळ चालक धरला तर एकूण खर्च भाड्याच्या ४८,००० रुपयांना मागे टाकून ६३,००० च्या पुढे जातो. असा अहवाल घेऊन येणाऱ्या ग्राहकाला नकार देणे हे अधिकाऱ्याचे काम नव्हे. त्याच्यासमोर बसून तो पुन्हा मांडून देणे हे आहे.

किमतीची घासाघीस करताना आणखी एक मुद्दा हाताशी ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरील १८ वरून ५ टक्क्यांवर. नव्याची किंमत उतरली असता जुन्याची पूर्वीचीच सांगितली जात असेल, तर विक्रेत्याला नव्या छोट्या ट्रॅक्टरचे दरपत्रक दाखवावे. महिंद्रचा ट्रॅक्टर कारखाना नागपुरातच आहे, त्यामुळे दरपत्रक मिळविणे भिलाईकराला अवघड नाही.

रक्कम द्यावयाची ती विक्रेत्याच्या खात्यातच. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास ती रक्कम आयकराच्या हिशेबात मालमत्तेच्या किमतीत धरली जात नाही, आणि मग यंत्रसामग्रीवर मिळणारा १५ टक्के घसारा तेवढ्या भागावर गमवावा लागतो. लोडर तयार करणाऱ्या फॅब्रिकेटरलाही हाच नियम लागू आहे. त्याचे बिल पक्के घ्यावे, कारण ट्रॅक्टरइतकीच किंमत असलेली ती चौकट बँकेच्या तारण यादीत आणि विम्याच्या कागदात वेगळी नोंदवावी लागते. कर्जवाटपाच्या दिवशी शाखाधिकारी पाहणीस येतील तेव्हा त्यांना पेन्सिलचा तो छाप, ३५ क्रमांकाचा नमुना आणि मागे टांगलेली काँक्रीटची पेटी, या तिन्ही गोष्टी दाखविता आल्या पाहिजेत.